साथीच्या पत्रकात धुराला जागा का नाही? महापालिकेला खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब, आरोग्य अधिकारी मॅडम आणि आमच्या प्रभागातून निवडून गेलेले सगळे नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की महापालिकेचं पत्रक येतं तसं यंदाही आलं. घंटागाडीवरून त्याचं रेकॉर्डिंगही रोज सकाळी वाजतंय. पाणी उकळून प्या, कूलर आणि कुंड्यांखालचं पाणी काढा, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, गर्दीत मास्क लावा, ताप अंगावर काढू नका. सगळं बरोबर आहे, मी स्वतः ते आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. पण पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं तरी बिडी, सिगारेट, धूर यातला एक शब्द सापडला नाही. आणि त्याच सुमाराला कळलं की तुमच्या दवाखान्यातलं तंबाखू सोडवायचं समुपदेशन केंद्र जे मध्यंतरी बंद पडलं होतं ते आता उघडणारच नाही, कारण काय तर साथीच्या कामाला खोली आणि माणसं कमी पडतायत. म्हणजे तुमच्या लेखी साथ वेगळी आणि बिडी वेगळी. हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते चार लोकांसमोर सांगायचंय म्हणून पत्र बंद पाकिटात न देता असं उघड लिहितेय.

आधी माझा यात संबंध काय ते सांगते.

आम्ही घरात सात माणसं. अण्णा, म्हणजे माझे वडील, उभं आयुष्य यंत्रमागावर काम केलेले, आता घरीच असतात. बिडी त्यांना तरुणपणापासून. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सगळेच ओढायचे, तशी लागली ती लागलीच. मागच्या ऑगस्टमध्ये भाचा शाळेतून ताप घेऊन आला आणि आठवड्याभरात घर आडवं झालं. भाऊ, वहिनी, आई, मी, सगळ्यांचं अंग मोडून आलं, घसा धरला, तीन-चार दिवस पडून राहिलो, पेज प्यायलो, उठलो. एकच व्हायरस, एकच घर, एकच पाण्याचा माठ. दवाखान्यात न्यावं लागलं ते दोघांनाच. एक अण्णा आणि दुसरी भावाची धाकटी मुलगी, सात महिन्यांची. आजोबा आणि नात. एक ओढणारा आणि एक त्याच्या मांडीवर दिवसभर असणारी.

तिचं पोट उडायला लागलं होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, प्रत्येक श्वासाला बरगडीखालचा भाग आत खेचला जातो, नाकपुड्या फुलतात, रडायलासुद्धा ताकद नसते. सिस्टरनी तिला नेब्युलायझर लावायला घेतलं, दुपटं बाजूला करताना ते नाकाशी नेलं आणि विचारलं, घरात बिडी कोण ओढतं? गल्लीतल्या डॉक्टरपासून तुमच्या ओपीडीपर्यंत इतक्या जणांनी तिला तपासलं होतं, हा प्रश्न विचारणारी ती पहिली बाई. आणि तो प्रश्न तिला केसपेपरने सुचवला नव्हता, कारण केसपेपरवर तसा रकानाच नाही. दुपट्याच्या वासाने सुचवला.

दोघंही घरी परत आले, देवाची कृपा आणि त्या वॉर्डातल्या माणसांचे कष्ट. त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही हे इथेच स्पष्ट करते.

आता कुणी म्हणेल एका घरावरून काय सिद्ध होतं. काही होत नाही, मान्य. अण्णांचं वय झालंय, बाळ लहान आहे, दोघंही तसेच नाजूक. म्हणून मी वाचायला लागले, आमच्या ओळखीच्या एका छातीच्या डॉक्टरांना विचारत राहिले, आणि कळलं की हे काही गूढ नाहीये, पन्नासेक वर्षं तरी वैद्यकशास्त्राला माहिती असलेली गोष्ट आहे.

१९७९ साली इस्रायलच्या लष्करातल्या एका तुकडीत एच१एन१ फ्लूची साथ आली. ३३६ जवान, सगळे तरुण, धडधाकट, एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे. ओढणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के जवानांना फ्लू झाला आणि न ओढणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के. त्यापुढचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काम बुडालं किंवा अंथरूण धरावं लागलं असे ओढणाऱ्यांमध्ये ५०.६ टक्के होते, न ओढणाऱ्यांमध्ये ३०.१ टक्के. म्हणजे नुसता जास्त होतो असं नाही, झाला की जास्त पाडतो. हे म्हातारे नव्हते हो, सैनिक होते. आणि हे १९८२ साली छापून आलंय, कालपरवाचं नाही. इंग्लंडात सॅलिसबरीला तर सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्रच होतं, तिथे स्वखुशीने आलेल्या लोकांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब घालायचे, मग त्यांना वेगळं ठेवून बघायचे कोणाला सर्दी होते आणि कोणाला नाही. तिथेही ओढणाऱ्यांची बाजू पडतीच निघाली.

असं का होतं ते डॉक्टरांनी मला फार सोपं करून सांगितलं. आपल्या श्वासनळीच्या आतल्या अस्तराला डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि आत आलेली धूळ, जंतू, सगळं कफात गोळा करून वर घशाकडे ढकलत राहतात, अंगणात सतत खराटा चालू असावा तसं. धुराने हे केस लुळे पडतात, पुढे पुढे झडतात, आणि कफ मात्र वाढतो. म्हणजे घाण वाढली आणि झाडणारं कुणी राहिलं नाही. सकाळी उठल्यावर बिडी ओढणाऱ्याला जो खोकल्याचा उमाळा येतो तो याच्यामुळे, रात्रभराचा साठलेला कफ शेवटी खोकूनच बाहेर काढावा लागतो. शिवाय अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात ती पकड धुराने सैल होते, व्हायरसला आत शिरायला फटी मिळतात. फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात त्या काजळी गिळून गिळून थकतात. आणि व्हायरस शिरला की पेशी जी पहिली बोंब मारतात, इंटरफेरॉन म्हणतात त्याला, ती बोंबच दबते. शेजाऱ्यांना कळेपर्यंत चोर घरभर फिरून झालेला असतो.

आणि ज्यांची फुफ्फुसं आधीच बिडीने गेलीयत, सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागायचा आजार झालाय, त्यांना साधी सर्दीसुद्धा साधी राहत नाही. तुमच्या आमच्या नाकातून दोन दिवस पाणी आणणारा व्हायरस त्यांना ऑक्सिजनवर नेतो. बिडी छोटी म्हणून निरुपद्रवी असं आपल्याकडे अजून समजतात. उलट तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, ती विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात, आणि त्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातो.

लहान मुलांचं तर काय सांगू. त्यांच्या श्वासनळ्या मुळात काडीएवढ्या, जरा सूज आली की बंद. घरात धूर असेल तर अशा मुलांना छातीचे आजार जास्त होतात, आरएसव्हीसारख्या व्हायरसने दवाखान्यात दाखल व्हायची वेळ जास्त येते, कान फुटतात, दमा बळावतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. आणि आपल्याकडे? २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात घरातच दुसऱ्याचा धूर सहन करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ३८.७ टक्के होतं. त्या घरांतली पोरंबाळं तर या आकड्यात धरलेलीच नाहीत.

मला माहितीय यावर लगेच कोण काय म्हणणार. कोविडच्या वेळी तर आलं होतं की सिगारेट ओढणाऱ्यांना कोरोना कमी होतो! हो, आलं होतं, एप्रिल २०२० मध्ये फ्रान्समधून निकोटीन कोरोनापासून वाचवत असेल अशी कल्पना निघाली आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती आगीसारखी पसरली, आमच्या गल्लीतल्या टपरीवर अजून लोक ती छातीठोक सांगतात. पण पुढचं कुणी फॉरवर्ड केलं नाही. धाप लागलेल्या पेशंटला दाखल करताना तो ओढतो का हे कितीतरी ठिकाणी नीट लिहिलंच जात नव्हतं, मग कागदावर ओढणारे कमी दिसणारच. युरोपातल्या एका नामांकित श्वसनरोग नियतकालिकाने असाच एक लेख २०२१ मध्ये मागे घेतला, कारण त्यातल्या दोन लेखकांनी तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध सांगितलेले नव्हते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख २० हजार लोकांच्या नोंदींवरून निघालं की ओढणाऱ्यांना कोविडने दवाखान्यात दाखल व्हायची शक्यता ८० टक्क्यांनी जास्त होती. अफवा टपरीवर पोचली, तिचं उत्तर पोचलं नाही. ते पोचवणं हे आरोग्य खात्याचं काम आहे, माझं एकटीचं नाही.

आता तक्रारी. राग आहे पण अपशब्द वापरणार नाही.

पहिली तक्रार ती खोली. अण्णा वॉर्डात असताना नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन पडलेले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःहून म्हणाले की बाई, ही सोडायची कशी ते कुणाला तरी विचार. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला आई किती वर्षं थांबली होती ते आम्हालाच माहिती. मी खाली गेले. दारावर पाटी अजून होती, तंबाखूमुक्ती समुपदेशन केंद्र, वेळ सकाळी ९ ते १२. दाराला कुलूप, आणि खिडकीतून बघितलं तर आत सलाइनचे खोके छतापर्यंत. शेजारच्या मावशी म्हणाल्या कॉन्ट्रॅक्ट संपलं, मॅडम येत नाहीत आता. प्रतिसाद नाही म्हणून बंद केलं असं तुम्ही सांगता, पण साहेब, ओपीडीतून तिकडे कुणी पाठवलंच नाही तर प्रतिसाद येणार कुठून? केसपेपरवर बिडीचा रकाना नाही, डॉक्टरला एका पेशंटला दोन मिनिटं मिळतात, आणि केंद्र बाळंतपणाच्या वॉर्डामागे. छातीच्या वॉर्डात भरती झालेला माणूस जेवढा सोडायच्या मनःस्थितीत असतो तेवढा एरवी कधीच नसतो. तेव्हाच दार बंद.

दुसरी, दवाखान्याचं फाटक. फाटकाच्या भिंतीला टेकून टपरी आहे, तिथे दोरीला लायटर बांधून लोंबकळत ठेवलाय, सुटी सिगारेट आणि सुटी बिडी मिळते. आपल्या राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड भरात असताना, सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातलीय. पाकिटावरचा इशारा सुट्या सिगारेटवर दिसत नाही आणि पोरांना ती स्वस्तात मिळते, म्हणून. ती बंदी कुणाला आठवतेय का? पेशंटचे नातेवाईक, आणि हे बघून वाईट वाटतं, हाताला सलाइनची सुई टोचलेले पेशंटसुद्धा तिथे उभे असतात. मग धूर घेऊन तेच कपडे, तेच हात वॉर्डात. जिन्याखाली तर कायम थोटकं पडलेली असतात. कोटपा, म्हणजे सिगारेट-तंबाखूवरचा केंद्राचा कायदा, २००३ चा, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू, २०० रुपयांपर्यंत दंड. नियमात असंही आहे की प्रत्येक अशा ठिकाणी निदान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक पाहिजे आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव जाहीर केलेलं पाहिजे. फलक आहे. नावाच्या जागी रेघ आहे, नुसती रेघ. मी मग तक्रार कोणाकडे करू, रेघेकडे?

तिसरी गोष्ट थुंकण्याची मोहीम. थुंकणाऱ्यांवर तुम्ही पथकं लावली, पावत्या फाडल्या, चांगलं केलंत, महाराष्ट्रात तंबाखू खाणारे ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे मलाही ठाऊक आहे. पण ओढणारे थोडे म्हणून धुराकडे बघायचंच नाही? थोडे म्हणजे किती, वर सांगितलेल्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के, एवढ्या मोठ्या राज्यात तो आकडा लाखांत जातो, आणि खाणाऱ्याची तंबाखू नातवाच्या छातीत जात नाही, ओढणाऱ्याचा धूर जातो.

आणि शेवटची, जिच्यासाठी मुळात पत्र लिहायला घेतलं. बिडी-सिगारेट म्हटलं की आपण फक्त कॅन्सर दाखवतो. पाकिटावर कॅन्सर, थिएटरात पिक्चरच्या आधी कॅन्सर. माणूस म्हणतो वीस वर्षांनी होईल तेव्हा बघू, तोवर कोण जगलंय, अण्णा अगदी हेच म्हणायचे. पण फ्लू वीस वर्षांनी येत नाही, याच पावसाळ्यात येतो, दिवाळीनंतर थंडीत परत येतो. हे त्यांना कुणी सांगितलं असतं की अण्णा, कॅन्सरचं राहू द्या, येत्या श्रावणात घरात ताप आला की तुम्ही आणि चिमणी सगळ्यात आधी आडवे होणार, तर त्यांनी ऐकलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण नातीचं नाव घेतल्यावर हा माणूस नेहमी थांबतो एवढं मला माहितीय. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आपल्या राज्यात, पुण्यात गेला. मग कोविडने काय केलं ते सगळ्यांनी भोगलं. इतकं होऊनही साथीच्या पत्रकात डासाला अर्धं पान आणि धुराला एक ओळ नाही, याला आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात.

टपरीवाल्याच्या पोटावर पाय आणा असं मी म्हणत नाहीये, हे मुद्दाम लिहिते कारण खाली कुणीतरी तेच लिहिणार. माझी मावशी सोलापूरला बिड्या वळते. सूप मांडीवर घेऊन दिवसभर पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, संध्याकाळी हिशोबाला नेलं की पाच-पन्नास बिड्या वाकड्या म्हणून बाजूला काढतात. तंबाखूच्या धुळीने तिलाही बारमाही खोकला आहे आणि तिच्या खोकल्याचीही नोंद कुठे नाही. त्या बायकांना दुसरं काम मिळायला हवं, नुसतं बंद करा म्हणून भागत नाही. बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ करायचं सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ठरलं, त्याचं मला वाईट वाटतं, पण ते तुमच्या हातात नाही म्हणून ते तुम्हाला विचारत नाही. तुमच्या हातात आहे तेवढंच मागते.

समुपदेशन केंद्र परत सुरू करा, आणि छातीच्या ओपीडीच्या शेजारी करा. त्यात एक समुपदेशक रोज हवा, आणि निकोटीनची गोळी, च्युइंगगम, पट्टी मोफत मिळाली पाहिजे. निकोटीनची ही औषधं २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे हे लाड नाहीत, औषध आहे. बिडी सोडताना पहिले दोन-तीन आठवडे माणूस कासावीस होतो, चिडतो, झोप उडते, नुसत्या उपदेशावर तो टिकत नाही.

केसपेपरवर दोन रकाने छापा. स्वतः ओढता का, आणि घरात कुणी ओढतं का. लहान मुलांच्या केसपेपरवर दुसरा रकाना तर पाहिजेच. याला खर्च शून्य आहे, पुढच्या छपाईत दोन ओळी वाढवायच्या.

पावसाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या प्रत्येक पत्रकात, घंटागाडीच्या रेकॉर्डिंगमध्ये धुराबद्दल सांगा. घरात, रिक्षात, बाळाजवळ ओढू नका. ओढणाऱ्याला ताप-खोकला आला तर थांबू नका, लवकर दाखवा. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, पाकिटावर छापलेला असतो पण सुटी घेणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून तो तुम्ही वाजवा. आणि हेही सांगा की सोडल्यावर फायदा व्हायला म्हातारपण यावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी व्हायला लागते. म्हणजे आज सोडली तर पुढच्या पावसाळ्याला छाती जरा बरी असेल.

महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्याच्या फलकावर माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा, फाटकालगतची टपरी दुसरीकडे जागा देऊन हलवा, आणि शाळांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानेच बंदी आहे ती जागेवर जाऊन बघा. सुट्या विक्रीवर महिन्यातून एकदा तरी पथक फिरू दे.

ज्यांना सीओपीडी आहे, ज्यांची दर पावसाळ्यात भरती होते, त्यांना फ्लूची लस तुमच्या दवाखान्यात मोफत द्या. बाहेर ती दरवर्षी विकत घेणं आमच्यासारख्या घराला जड जातं, आणि दरवर्षीच्या भरतीपेक्षा ती महापालिकेलाही स्वस्तच पडेल.

नगरसेवकांना वेगळी विनंती. कर्नाटकाने सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड २०० वरून १००० रुपये केला आणि तंबाखू विकत घ्यायचं वय २१ केलं. आपल्याकडेही असं व्हावं असा ठराव सभागृहात करून राज्य सरकारकडे पाठवा. ठरावाच्या बाजूने कोण होतं आणि कोण नव्हतं ते आम्हाला कळू द्या.

अण्णांचं विचाराल तर ते आता घरात ओढत नाहीत, कोपऱ्यावर जाऊन दिवसाला दोन-तीन ओढतात, सोडायचीय म्हणतात आणि होत नाही. त्या नंबरवर आम्ही फोन लावून दिला, बोलले, बरं वाटलं त्यांना. पण समोर बसून बोलणारं माणूस हवंय, औषध हवंय. आमच्या गल्लीत असे अजून कितीतरी अण्णा आहेत.

या पत्राची प्रत सोमवारी तुमच्या आवक-जावक विभागात देतेय, पोच घेईन. सोबत आमच्या गल्लीतल्या आणि त्या वॉर्डात माणसं भरती असलेल्या काही घरांच्या सह्या आहेत. उत्तर लेखी हवंय, आणि प्रत्येक मागणीपुढे हो की नाही, हो असेल तर कधी, नाही असेल तर का, एवढं लिहून हवंय. दिवाळीच्या आधी.

आपली नम्र,
आपल्याच प्रभागातली एक रहिवासी